सार्वजनिक काका आणि रयतेचे वकीलपत्र

पेठेत धान्याचा भाव चढला की त्याची झळ नगरवासी गृहस्थास लागते, आणि भाव कोसळला की खेड्यातील कुणब्याची कंबर मोडते. ह्या दोन्ही गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. परंतु जमिनीवर सारा किती बसवावा, दुष्काळात मजुरास काय द्यावे, धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालावा की न घालावा, ह्या प्रश्नांचा निकाल जेथे लागतो, तेथे बहुधा धान्य पिकविणाराही नसतो आणि खाणाराही नसतो. त्यांच्या वतीने तेथे बोलावे कोणी, आणि बोलणाराचा अधिकार तो कोणता? हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी ज्या गृहस्थांनी नीटपणे ओळखला आणि आपल्या आचरणाने त्याचे उत्तर देण्याचा यत्न केला, ते गणेश वासुदेव जोशी होत. लोकांनी त्यांस सार्वजनिक काका हे नाव दिले व तेच पुढे रूढ झाले. त्यांचे नाव आज पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु खादीचे आद्य व्रती एवढीच त्यांची ओळख सांगण्याचा प्रघात पडला आहे. त्यांच्या चरित्रातील दुसरे अंग, म्हणजे रयतेच्या अन्नासाठी व शेतासाठी त्यांनी सनदशीर मार्गाने केलेली खटपट, हे आमच्या मते अधिक विचार करण्याजोगे आहे.

जोशी ह्यांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्याच सुमारास हा विशीतील तरुण उदरनिर्वाहासाठी पुण्यास आला. आरंभी नोकरी व पुढे वकिलीची परीक्षा उतरून वकिली, असा त्यांचा व्यवसाय झाला. वकिलाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशीच शिकावी लागते. पक्षकाराने वकीलपत्र लिहून दिल्यावाचून त्याच्या वतीने न्यायाधीशासमोर एक शब्दही बोलता येत नाही. वकील कितीही विद्वान असो, त्याचा कळवळा कितीही खरा असो, हातात वकीलपत्र नसेल तर तो केवळ एक तिऱ्हाईत इसम होय. ही साधी गोष्ट जोशी ह्यांनी कचेरीबाहेर आणून सार्वजनिक कामास लावली, आणि त्यातच त्यांचे खरे मोठेपण आहे.

त्यास निमित्त झाले ते पर्वतीच्या देवस्थानाचे. पेशव्यांच्या वेळच्या ह्या संस्थानाच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष माजला होता. तक्रार करावयाची तर ती कोणाच्या नावाने करावी, हा विचार पुढे आला, आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष झाले व चिटणिसाचे सारे ओझे जोशी ह्यांनी उचलले. ह्या सभेचा एक नियम त्या काळी नवा होता. जो कोणी सभासद होऊ म्हणेल, त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. पैसा, पदवी किंवा सरदारी ह्यांच्या जोरावर सभेत बसता येणार नाही. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मतदानाचा हक्क, कायदेमंडळातील निवडणूक, ह्यांपैकी काहीही ज्या काळी ह्या देशात नव्हते, त्या काळी हा नियम झाला, हे लक्षात ठेवले पाहिजे. सरकारने विचारावे की तुम्ही कोण, आणि सभेने सह्यांचे कागद पुढे ठेवावे, अशी ती योजना होती.

आता शेतीकडे वळू. इंग्रजी अमलात दक्षिणेतील जमिनीची मोजणी होऊन तीस वर्षांच्या मुदतीने सारा ठरत असे व तो रोकड भरावा लागे. इंदापूर तालुक्यातील पहिल्या आकारणीची मुदत १८६७ च्या सुमारास संपली व फेरआकारणी सुरू झाली. त्याच्या थोडे आधी, म्हणजे १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस विलायतेस जाण्याचे बंद झाल्यामुळे इकडील कापसास सोन्याचे मोल आले, त्याबरोबर इतर मालाचे भावही चढले, आणि सावकाराने शेतकऱ्यास मागेल तितके कर्ज दिले. सरकारी अंमलदारांनी ही भरभराट कायमची समजून सारा पुष्कळ वाढविला. पुढे युद्ध संपले, भाव उतरले. सारा मात्र चढलेलाच राहिला आणि कर्जाचे व्याज वाढतच गेले. व्यापाऱ्यांस हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेजीच्या भावाने खरेदी करून मंदीत विकणाराची जी गत होते, तीच साऱ्या मुलखाची झाली. भेद एवढाच की व्यापाऱ्याने सौदा आपल्या बुद्धीने केलेला असतो, आणि रयतेवर हा सौदा दुसऱ्याने लादला होता.

सार्वजनिक सभेने ह्या प्रश्नास हात घातला तो अर्ज लिहून नव्हे, तर चौकशी करून. तिने एक पोटकमिटी नेमली, शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी माहिती गोळा केली, आणि १८७३ साली विलायतेतील पार्लमेंटच्या हिंदुस्थानविषयक जमाखर्च कमिटीपुढे ठेवण्यासाठी आपला अहवाल छापून काढला. सारा, खर्च, उत्पन्न आणि कर्ज ह्यांची मांडणी करून रयत का बुडते हे त्यात दाखविले होते. १८७१ साली माधवराव रानडे न्यायखात्यात पुण्यास आले होते. रानड्यांची विद्वत्ता व जोश्यांची खटपट अशी जोडी जमल्यामुळे सभेच्या कामास वजन आले. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे पुष्कळदा पडद्यामागे राहात; पुढे उभे राहून बरेवाईट अंगावर घेण्याचे काम काकांकडे असे. १८७४ साली मुंबई सरकारने फेरआकारणीतील वाढीस मर्यादा घातली. तालुक्याच्या एकंदर साऱ्यात शेकडा तेहेतीस, एखाद्या गावी शेकडा सहासष्ट व एखाद्या शेतावर दुप्पट, ह्यापलीकडे वाढ होऊ नये असे ठरले. हे सर्व एकट्या सभेच्या खटपटीचे फळ असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या वादातून हा ठराव निघाला, त्यात रयतेची बाजू आकड्यांनिशी मांडणारे कोणी होते, हे निश्चित.

तथापि उपाय तोकडा पडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि मग पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव तोच प्रकार झाला. त्या दंग्यांत माणसांपेक्षा कागदांवर राग अधिक होता. रोखे, खते व फैसले ह्यांच्या होळ्या झाल्या. सरकारने कमिशन नेमले, आणि त्यातून पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. कर्जासाठी शेतकऱ्यास कैदेत टाकण्याची पद्धती त्याने बंद केली, आणि केवळ रोख्यावरील रकमेकडे न पाहता कर्जाचा मुळापासूनचा इतिहास पाहण्याचे कर्तव्य न्यायाधीशांवर घातले.

ह्या दंग्यांचे डाग वाळले नाहीत तोच १८७६ चा पावसाळा कोरडा गेला. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे ह्या जिल्ह्यांत ज्वारी-बाजरी हातची गेली, गुरे मेली, आणि लोक गाव सोडून वाट फुटेल तिकडे निघाले. १ जानेवारी १८७७ रोजी राणी व्हिक्टोरिया हिने कैसर-इ-हिंद ही पदवी धारण केल्याबद्दल दिल्लीस मोठा दरबार भरला. जोशी ह्यांनी १८७२ सालीच स्वदेशी वस्त्र वापरण्याचे व्रत घेतले होते. हाताने कातलेल्या सुताचा पांढरा पोशाख घालून ते त्या जरतारी दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले व हिंदी प्रजेस इंग्रज प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावे अशा आशयाचे मानपत्र सभेच्या वतीने सादर करण्यात आले. इकडे दक्षिणेत उपासमार चालू असता तिकडे चाललेल्या त्या थाटात त्यांच्या पोशाखाचा अर्थ वेगळा सांगावयास नको होता.

दुष्काळाच्या त्या काळात सरकारचे धोरण काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा सर रिचर्ड टेंपल ह्यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवून लोकांस वाचविले होते. त्यात मनुष्यहानी जवळजवळ झाली नाही; परंतु फार खर्च केला म्हणून टेंपलसाहेबांवर वरून टीका झाली. दोन वर्षांनी तेच टेंपल मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळाची पाहणी करण्यास आले, ते काटकसरीचा निश्चय करूनच. धान्याच्या व्यापारात सरकारने पडू नये, आणि मदतीच्या कामावरील मजुरी जेमतेम जीव राहील इतकीच असावी, असे धोरण ठरले. पुरुषास दिवसास एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा, असा दर १८७७ च्या जानेवारीत लागू झाला. एक पौंड म्हणजे आपला अर्धा शेरही पुरता भरत नाही. एवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची, बांध घालावयाचा आणि तेही गावापासून दूर छावणीत राहून. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ह्या दराने काम करण्याचे नाकारले व कामे सोडून ते घरी निघाले. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता.

ह्या प्रसंगी सार्वजनिक सभेने जे केले ते आजच्या प्रत्येक नगरातील पुढाऱ्यांनी अभ्यासावे असे आहे. सभेची माणसे दुष्काळी तालुक्यांतून माहिती पाठवीत. पीक किती आले, पाणी कोठवर पुरेल, धान्याचा भाव काय, कामे किती दूर आहेत, किती लोक गाव सोडून गेले, ह्याची हकीकत जिल्हावार लिहून सभा ती सरकारकडे मागोमाग धाडीत असे. मजुरी घटविल्यावर तिने त्याविरुद्ध अर्ज केला, आणि एवढ्या अन्नावर कष्टाचे काम होणे शक्य नाही हे सरकारच्या नजरेस आणले. मद्रासेकडे सरकारी आरोग्यखात्याचे प्रमुख डॉक्टर कॉर्निश हेही वैद्यकाच्या आधाराने हेच सांगत होते, आणि १८७७ साली मद्रास सरकारने तेथील दर वाढविला. पुण्याच्या सभेस मात्र दाद मिळणे अधिक कठीण झाले. कारण त्याच सुमारास टेंपलसाहेब स्वतःच मुंबईचे गव्हर्नर होऊन आले.

त्या दुष्काळाने दोन वर्षांत ब्रिटिश मुलखातील पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली. धान्य मुळीच नव्हते असे नाही. आगगाडी सोलापूरपर्यंत पूर्वीच पोहोचली होती, दुष्काळी जिल्ह्यांत गाड्या भरभरून धान्य येत होते, आणि हिंदुस्थानातून गहू विलायतेसही जात होता. नव्हता तो मजुराच्या गाठीस पैसा. पेठेत पोती रचलेली आणि बाहेर मनुष्य उपाशी, असा तो देखावा होता. केवळ व्यापाऱ्यास दोष देऊन ह्या गोष्टीचा उलगडा होत नाही. व्यापारी जेथे गिऱ्हाईक असेल तेथे माल नेतो. परंतु ज्याच्या हातात पैसाच नाही तो गिऱ्हाईक होऊ शकत नाही, आणि त्याच्या हातात तो पडेल अशी मजुरी ठरविणे हे सरकारचे काम होते. सभेने बोट ठेवले ते ह्याच दुखऱ्या जागेवर.

काकांचे गुणगान करताना एका न्यूनाकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. सभेत सरदार, इनामदार, सावकार, वकील व व्यापारी ह्यांचा भरणा होता. नांगर धरणारा त्या बैठकीत क्वचितच दिसे. सभेचा मुख्य भर सरकारच्या साऱ्यावर राही. सावकाराचे व्याज व जातीचा जुलूम ही रयतेची दुसरी दोन दुखणी होती, आणि ती जोतीराव फुले ह्यांनी उघड करून दाखविली. फुले पुण्याचेच. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी धनकवडी येथे अनाथ मुलांच्या पोटापाण्याची सोय केली, आणि १८८३ साली शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून सरकारी कामगार, सावकार व भटभिक्षुक ह्या सर्वांस जाब विचारला. सार्वजनिक म्हणविणारी ही सभा वास्तविक ब्राह्मणांची आहे व तीत रयतेस स्थान नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप कठोर असला तरी निराधार म्हणता येत नाही. पन्नास सह्यांचा नियम करणाराने पन्नासांपैकी किती हात मातीने मळलेले आहेत, हेही विचारावयास हवे होते. सुधारणेचा अभिमान बाळगणारांनी जोशी व फुले ह्यांपैकी एकाचीच बाजू घेऊन दुसऱ्यास विसरणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे. एकाने वकीलपत्राची आवश्यकता दाखविली, दुसऱ्याने ते कोणाकडून घ्यावयाचे हे सांगितले.

दुष्काळाच्या वणव्यातूनच वासुदेव बळवंत फडके ह्यांचे बंड उभे राहिले. १८७९ च्या जुलै महिन्यात ते पकडले गेले व पुण्यास त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. अशा आरोपीच्या शेजारी उभे राहणे म्हणजे सरकारची वक्रदृष्टी ओढवून घेणे होते. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मभर अर्ज व अहवाल ह्यांच्या मार्गाने चाललेल्या ह्या गृहस्थास बंडाचा मार्ग मान्य नव्हता, हे त्यांच्या एकंदर कार्यावरून दिसून येते. परंतु आरोपीस बचावाचा हक्क आहे, आणि त्याच्या कृत्याच्या मुळाशी असलेल्या उपासमारीकडे पाठ फिरविता येत नाही, एवढे त्यांस पक्के ठाऊक होते. पुढे वर्षही पुरते लोटले नाही तोच, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काकांचा अंत झाला.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या दुष्काळ कमिशनचा अहवाल बाहेर पडला व त्यातून पुढे दुष्काळाचे नियम तयार झाले. दुष्काळात मदतीची कामे काढणे व सारा तहकूब करणे ह्यांस त्या नियमांनी निश्चित रूप दिले. १८९६-९७ साली पुन्हा दुष्काळ आला तेव्हा सभेची सूत्रे टिळकांच्या पक्षाकडे होती. सभेची माणसे खेडोपाडी जाऊन हेच नियम लोकांस समजावून सांगू लागली. दयेची याचना करू नका, नियमात बसते ते मागा, असा त्या उपदेशाचा रोख होता. सरकारास तो इतका झोंबला की १८९७ साली त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. आपल्याच नियमांची वाचकता रयतेत वाढल्याचे पाहून ज्या सरकारचे पित्त खवळते, त्याला नियम केवळ कागदावर हवे असतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

हा इतिहास शिळा झाला असे कोणी मानू नये. स्वराज्य आले, मतदानाचा हक्क आला, तरी खाणाराच्या व पिकविणाराच्या वतीने बोलणारांची निकड संपलेली नाही. २००१ साली नागरिकांच्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की सरकारी गोदामांत धान्याच्या राशी पडलेल्या असता माणसे उपाशी राहतात. त्या अर्जावर शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा हुकूम झाला, आणि २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा होऊन खेड्यांतील शेकडा पंचाहत्तर व शहरांतील शेकडा पन्नास लोकांपर्यंत स्वस्त धान्याचा हक्क पोहोचविण्याचे ठरले. गोदामात पोती व दाराशी उपाशी मनुष्य, हे चित्र सोलापूरच्या पेठेत आपण नुकतेच पाहिले. उलट बाजूचे उदाहरणही ताजे आहे. २०२० साली शेतमालाच्या व्यापाराविषयी तीन कायदे झाले, आणि शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२१ साली ते मागे घ्यावे लागले. त्या कायद्यांचे गुणदोष काहीही असोत. ज्यांच्यासाठी ते केले त्यांस आधी विश्वासात घेतले असते तर एवढा कलह माजला नसता, हे दोन्ही पक्षांच्या शहाण्या माणसांस पटेल.

म्हणून आमच्या नगरवासी व व्यापारी वाचकांस आमची सूचना आहे. बाजार समितीचा प्रश्न असो, निर्यातीची बंदी असो, कांद्याचा भाव असो वा स्वस्त धान्याचे दुकान असो, शिष्टमंडळ घेऊन मुंबईस किंवा दिल्लीस धाव घेण्यापूर्वी दोन कामे करावी. एक, ज्यांच्या नावाने बोलावयाचे त्यांच्याकडे जाऊन त्यांची संमती घ्यावी, आणि तीत नांगर धरणारे, मजुरी करणाऱ्या स्त्रिया व रेशनच्या रांगेत उभे राहणारे असावे. दुसरे, खेड्यांत जाऊन माहिती गोळा करावी व ती आकड्यांनिशी लिहून काढावी. ज्या व्यापारी मंडळापाशी पेढीचे हिशेब ठेवण्याची शिस्त आहे, त्यास हे काम अवघड नाही. आपल्या लाभाच्या कलमाबरोबर कुणब्याच्या हानीचे कलमही त्याच वहीत मांडले, तर तिच्या शब्दास सरकारदरबारी मोल येईल. सार्वजनिक काकांपाशी सत्ता नव्हती, संपत्तीही बेताची होती. जे होते ते लोकांच्या सह्यांचे कागद, तालुक्यातालुक्यांतील पत्रे व अंगावरची हातसुताची वस्त्रे. तेवढ्यावर त्यांनी दहा वर्षे एका बलाढ्य सरकारास उत्तर देणे भाग पाडले. त्यांच्याहून कितीतरी अधिक साधने आपल्या हाती असता आपण गप्प बसलो, तर दोष आपल्याकडेच येईल.